गोळी बंद करणे हाही निर्णयच

सरकारी नोकरीत आम्ही एक गोष्ट नित्य पाहिली. फाईल पुढे न सरकवणारा अधिकारी स्वतःस निर्दोष मानतो. निर्णयच केला नाही, मग चूक कोठली? हीच समजूत घरोघरी औषधांच्या बाबतीत आढळते, आणि तेथे ती जिवावर बेतू शकते.

आमच्या इंदुरातील नात्यातल्या एका सुनेची हृदयाची झडप बालपणीच्या संधिज्वराने निकामी झाली होती. तिच्या जागी धातूची झडप बसविलेली. अशा झडपेवर रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिनची गोळी रोज घ्यावी लागते. दिवस गेल्याचे कळताच वडीलधाऱ्यांनी ती बंद करविली. 'पोटच्या जिवासाठी एवढे करायलाच हवे,' असे म्हटले गेले, आणि कबूल करावयास हवे, आम्हीही मान डोलावली.

भीती निराधार नव्हती. वॉरफरिन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत घेतल्यास बाळाच्या नाकात व हाडांत व्यंग येऊ शकते, गर्भपातही होऊ शकतो. हेपॅरिनची इंजेक्शने वार ओलांडत नाहीत. परंतु झडपेवर गुठळी धरण्याचा धोका त्यांत वॉरफरिनहून अधिक, आणि रक्त वारंवार तपासून मात्रा बदलावी लागते. एकाचे संरक्षण ते दुसऱ्याचे संकट. पण दोन्ही नाकारली, तर? गर्भारपणी रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. झडप अडली तर आई जाते, आणि ज्याच्यासाठी हे सारे केले तो जीवही. (प्रत्येक औषधाचा पेच इतका कठीण नसतो. रक्तदाबाचे एनालाप्रिल गर्भाच्या मूत्रपिंडास घातक, पण त्याऐवजी लॅबेटालॉल देता येते.)

आम्हास खटकते ते निराळेच. त्यागाचे कौतुक करणाऱ्या आम्हां कोणासच त्याची किंमत मोजावयाची नव्हती. खरे तर तो त्याग तिने केलाही नव्हता. तिच्याकडून करवून घेतला होता.

चौथ्या दिवशी तिने स्वतःच हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला आणि आम्हास सोबत नेले. प्रसूतितज्ज्ञांनाही बोलावून त्यांनी दोन्ही वाटांचे धोके तिच्यापुढे मांडले. तिची मात्रा ५ मिलिग्रॅमहून कमी असल्याने गोळी चालू ठेवण्याचा पर्यायही खुला होता. तिने बाराव्या आठवड्यापर्यंत इंजेक्शने, मग पुन्हा गोळी, आणि प्रसूतीपूर्वी परत इंजेक्शने ही वाट निवडली. निघताना डॉक्टर म्हणाले, "हे विचारायला दिवस जाण्याआधी यायचे असते."

"त्याआधी मूल हवे का, हेच मला कोणी विचारले नव्हते," ती म्हणाली.

आम्ही शेजारच्या खुर्चीत बसलो होतो.