कागद आणि शब्द

दुसऱ्याचे धन उघड उघड लुबाडणारा मनुष्य आपल्यास क्वचितच भेटतो. परंतु कागदाच्या कृपेने दुसऱ्याचे धन आयतेच पदरात पडत असता जो मौन धरतो, तो मात्र पावलोपावली भेटतो. आणि त्यास कोणी चोर म्हणत नाही. त्याच्या पंक्तीस बसण्याच्या बेतात आम्हीही एकदा होतो, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे असे वाटते.

आमचे मूळ गाव कर्जत तालुक्यातील कळंब. हा भातशेतीचा मुलूख. देशावरचा बांध बहुधा हद्द दाखवून मोकळा होतो. आमच्याकडील खाचराचा बांध पाणीही अडवितो. वरच्या खाचरातले पाणी खालच्यात उतरावयाचे असते. त्यामुळे शेजाऱ्याचा बांध कोरणारा हातभर जमीन मिळवितो खरा, पण एखाद्या मुसळधार पावसात तो पोखरलेला बांध फुटला की त्याचीही लावणी वाहून जाते. म्हणूनच की काय, जुन्या लोकांनी बांधावरची पुष्कळशी भांडणे बांधावरच मिटविली.

आमच्या वडिलांनी (त्यांना आम्ही आबा म्हणत असू) आमच्या जन्मापूर्वी शेजाऱ्यांशी जमिनीच्या दोन तुकड्यांची तोंडी अदलाबदल केली होती. आमच्या नावाचा रस्त्यालगतचा तुकडा त्यांच्या घराजवळ होता. त्यांच्या नावाचा नदीकडचा तुकडा आमच्या खाचरांना लागून होता. सोय दोघांचीही झाली. पन्नासाहून अधिक वर्षे दोन्ही घरांनी ते तुकडे निर्वेधपणे पिकविले, आणि सातबाऱ्यावरील नावे मात्र जेथल्या तेथे राहिली. पुढे मुंबईकरांची शेतघरे आमच्या बाजूस उठू लागली. ज्या तुकड्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्याचा गुंठ्याचा भाव सांगत एक दलाल आमच्या दादांच्या ओटीवर येऊन बसला. त्या दिवशी आमच्या घरात सातबारा प्रथमच लक्षपूर्वक वाचला गेला.

कायदा वरवर पाहता आमच्या बाजूचा होता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या स्थावराची अदलाबदल नोंदलेल्या दस्तावाचून होत नाही. आणि दस्त तर नव्हताच. तथापि १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता हक्कनोंदीस खरी मानते ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. ज्या कागदास त्याचा जनकही अंतिम सत्य म्हणत नाही, त्यास धर्म म्हणण्याची आपणांस एवढी घाई का व्हावी? आणि ती भाव वाढल्यावरच का व्हावी?

असा घोटाळा केवळ आमच्याच घरी झाला असे नव्हे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली सर्व्हे नंबरांचे गट पाडण्यात आले, त्या वेळी महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी कागद एकीकडे गेला आणि नांगर दुसरीकडे राहिला. अखेर जानेवारी २०२३ मध्ये शासनाने सलोखा योजना काढली. दोन शेतकऱ्यांचा एकमेकांच्या जमिनीवर किमान बारा वर्षे ताबा असेल, तर एक हजार रुपये मुद्रांक शुल्क व एक हजार रुपये नोंदणी फी घेऊन ती अदलाबदल नोंदवावी, अशी ती व्यवस्था. मात्र दोघांची संमती हवी. योजना चांगलीच आहे. पण संमती काही शासनास छापून देता येत नाही. दोन्ही तुकडे सारख्या मोलाचे असतील तेथे ती सहज मिळते. ज्याच्या कागदावर रस्ता आला आहे त्याने ती का द्यावी, हा खरा प्रश्न.

लॉकचा अनुयायी म्हणेल की, ज्याने जमिनीत आपले श्रम मिसळले त्याची ती. हा सिद्धांत आम्ही वर्गात कित्येक वर्षे शिकविला आहे. येथे तो पुरत नाही. रस्त्यामुळे वाढलेली किंमत शेजाऱ्याच्या घामाची नाही, तशी आमच्याही नाही. आमच्या मते उत्तर श्रमात नसून स्वीकारात आहे. नदीकडच्या खाचराचा भात आम्ही जेवलो. करार तोंडी असेल, पण त्याचा अर्धा भाग रोज आमच्या ताटात पडत होता. आणि भाव नदीकडे वाढला असता, तर शेजाऱ्यांनी काढलेला कागद आम्ही मुकाट्याने मानला असता काय?

दादांना हे पटेना. "आबांनी शब्द दिला याला साक्षी कोण?" असे ते म्हणत. शेजाऱ्यांचा मुलगा एकदाच बोलला: "दादा, नदीकडचा आंबा आबांनी कुणाच्या जमिनीत लावला, एवढंच सांगा." मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, सीमेवर वृक्ष लावावेत आणि जमिनीत कोळसे, खापऱ्या, हाडे, कोंडा असल्या खुणा पुरून ठेवाव्यात, असे सांगितले आहे, कारण हद्दीविषयी माणसांचा नेहमीच घोळ होतो. आबांनी पुरली ती एक कोय. परक्याच्या जमिनीत आंबा कोण लावतो? दादा त्यावर काही बोलले नाहीत, आणि चार दिवसांनी त्यांनी अर्जाचा नमुना आणावयास सांगितला.

येथे आमचा विजय झाला असे आम्हांस वाटले. परंतु सातबाऱ्यावर आमच्या ताईचेही नाव वारसाने लागलेले आहे, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो. तिला सहीसाठी विचारले तेव्हा ती म्हणाली, "शेजाऱ्यांचं त्यांना द्या, माझी ना नाही. पण आबा गेल्यापासून त्या खाचरातल्या भाताचं माझ्या वाट्याचं एक पोतं तरी कधी माझ्या दारी आलं का रे?"

मनूपासून लॉकपर्यंत सर्वांस साक्षीस बोलावून बसलेल्या आम्हांस यावर काहीच सुचले नाही. ताईने सही केली. तिच्या पोत्यांचा विषय काढावयास आम्ही दादांकडे गेलो, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेविला आणि विचारले, "किती वर्षांचा हिशेब म्हणतेय ती?"