मायाळू हात आणि सरावलेले हात



काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक बहीण आम्हांला भेटायला थांबल्या. स्तनात गाठ होती, तपासणीत कर्करोग निघाला होता. मात्र त्यांचा प्रश्न आजाराविषयी नव्हता. "फादर, आमचे डॉक्टर घरच्यासारखे आहेत. सासऱ्यांचं हर्नियाचं, मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन त्यांनीच केलं. पैशासाठी कधी अडवलं नाही. आता मुलगा म्हणतो, परळला टाटात जाऊ. त्यांना सोडून गेले तर तो कृतघ्नपणा नाही का?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर देता आले नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक मुद्दा आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. वैद्य 'मनुष्यजाती'ला बरे करीत नाही, समोरच्या एका माणसाला बरे करतो. म्हणून नुसते तत्त्व जाणणारा, पण अनुभव नसलेला वैद्य पुष्कळदा चुकतो. त्या बहिणीचे ऐकल्यावर तो मुद्दा पुन्हा आठवला.

स्कॉटलंडच्या पश्चिम भागात याची मोजदाद झाली आहे. १९८० ते १९८८ या काळातील ३,७८६ स्त्री-रुग्णांची माहिती तपासून १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगाकडे विशेष लक्ष देणाऱ्या सर्जनांच्या रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण इतरांपेक्षा ९ टक्क्यांनी जास्त होते. वय, गाठीचा आकार, घरची परिस्थिती हे सारे हिशेबात धरूनही मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी कमी भरला. बाकीचे सर्जन काही निष्काळजी नव्हते. तीही चांगली माणसेच असणार.

इथेच आम्ही अडखळलो. चांगल्या हेतूला आपण फार मान देतो आणि तो द्यायलाही हवा. पण संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाला सद्गुणांत मानाचे स्थान दिले ते उगाच नव्हे. मनात भले करण्याची इच्छा असणे वेगळे आणि ते भले हातून घडणे वेगळे. शेजाऱ्यावर प्रीती करायची तर आपल्या हाताला काय जमते आणि काय जमत नाही, हे ओळखणेही त्या प्रीतीतच येते.

मग नुसती संख्या मोजायची का? युरोपातील तज्ज्ञांच्या संघटनेने केंद्रासाठी वर्षाला किमान १५० नवे रुग्ण आणि प्रत्येक सर्जनसाठी ५० असा दंडक घातला. आकड्याला अर्थ आहे, पण त्या स्कॉटिश अभ्यासात 'विशेष लक्ष देणारे' कोणाला म्हटले ते पाहा. ज्यांचा स्तनाच्या आजारांसाठी वेगळा दवाखाना होता, ज्यांची पॅथॉलॉजिस्ट आणि कर्करोगतज्ज्ञांशी ठरलेली जोड होती आणि जे आपल्या रुग्णांची वेगळी नोंद ठेवीत होते, ते. ही नोंदीची गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. शंभर ऑपरेशने करून पुढे त्या बायांचे काय झाले हे कधी न पाहणारा सर्जन शंभर वेळा तीच चूक करू शकतो. आत्मपरीक्षण न करता वर्षानुवर्षे तोच प्रवचनाचा कागद वाचणाऱ्या धर्मगुरूसारखेच ते! (आमच्याकडेही असे दोन-तीन कागद आहेत.)

आणि अनुभव म्हणजे पदवीही नव्हे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका हाताने स्तनांची तपासणी करीत. २०२१ साली निष्कर्ष आले: पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

एक अडचण मात्र उरतेच. प्रत्येक सरावलेला हात कधीतरी नवखा होता. सगळेच मोठ्या रुग्णालयात गेले तर नवे हात शिकणार कुठे, आणि परळची रांग किती लांबणार? आजारी माणसाला पहाटेच्या लोकलने दादरपर्यंत नेणे काय असते, हे ज्यांनी नेले त्यांना विचारा. आमचे मत असे की नवख्याने शिकावे, पण जाणत्याच्या नजरेखाली, आणि रुग्णाला ते ठाऊक असावे. शिकण्याची किंमत तिला न सांगता तिच्याकडून वसूल करणे हा अन्याय आहे.

त्या बहिणीला आम्ही एवढेच म्हणालो की डॉक्टरांनाच विचारा: गेल्या वर्षी अशी किती ऑपरेशने केलीत? विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. त्यांनी विचारले. डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "चार." आणि त्यांनी स्वतःच परळसाठी चिठ्ठी लिहून दिली.

दोघांच्या परवानगीने हे लिहीत आहोत. ऑपरेशन परळला झाले. ड्रेसिंग त्याच डॉक्टरांकडे होते, आणि परळहून आलेला प्रत्येक रिपोर्ट ते मागून घेऊन वाचतात. पुढच्या तपासणीला सोबत जायला त्यांच्या मुलाला सुट्टी नाही. ज्यांना मंगळवारी जमेल, त्यांनी पॅरिश ऑफिसात नाव द्यावे.

आपले प्रमुख धर्मगुरू