इशाऱ्याचं ओझं

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या बागायती पट्ट्यात बिबट्याची खबर तीन वाटांनी फिरते. कुणी बंगल्याच्या सीसीटीव्हीत टिपलेलं चित्रण गावाच्या ग्रुपवर टाकतं, कुणी दोन ओळी लिहून पाठवतं, कुणी सरळ फोन लावून सांगतं. तिघांचाही हेतू चांगला असतो, शेजारी सावध व्हावा एवढाच. त्यामुळे कोणती वाट धरली हा सवयीचा किंवा सोयीचा प्रश्न समजला जातो आणि त्यावर कुणी फार विचार करत नाही. मला मात्र तो नीतीचा प्रश्न वाटतो. लिहून सांगायचं, बोलून सांगायचं की दाखवायचं, हे ठरवताना आपण समजून घेण्याचं ओझं कुणी उचलायचं हेही ठरवत असतो. लिहिणाऱ्याला ठिकाण आणि वेळ आधी स्वतः नक्की करावी लागते, कारण ती लिहिली नाही तर वाक्यच पुरं होत नाही. बोलताना ओझं दोघांत वाटलं जातं. सांगणारा काही विसरला तर ऐकणारा विचारतो. व्हिडिओ पाठवणाऱ्याला मात्र फक्त बोट टेकवावं लागतं. हे कुठलं, कधीचं, खरं की बनावट, आपल्या वस्तीपासून किती लांब, ही सगळी उकल पाहणाऱ्यावर पडते. पाठवायला सर्वांत हलकं ते घ्यायला सर्वांत जड, आणि आज आपण सर्वांत जास्त तेच पाठवतो.

हे जड का, ते इथल्या शेतीकडे पाहिलं की कळतं. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्याला बाराही महिने आडोसा मिळाला. इथली मादी उसातच पिलं देते. तोडणी सुरू झाली की तो आडोसा फडाफडाने सरकत जातो आणि जनावरही सरकतं. रात्रीतून ते काही किलोमीटर सहज चालतं, म्हणून परवाचं चित्रण आजच्या सावधगिरीला जवळजवळ निरुपयोगी असतं. दुसऱ्या बाजूला शेतीपंपांची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते. रात्री अकराला मोटर चालू करायला निघालेल्या माणसाला हवी असते ती एकच माहिती: आज, आता, कोणत्या ओढ्याच्या कडेला. पडवीतल्या दिव्याखाली कुत्र्यावर झेपावणारं जनावर पाहून त्याला ती मिळत नाही. मिळते ती धास्ती, आणि धास्ती ठिकाण सांगत नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यात, पण जुन्नर वनविभागातच येणाऱ्या पिंपरखेड-जांबुत परिसरात २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले. त्यानंतरच्या दिवसांत पुणे परिसरात कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली बिबट्याची चित्रंही फिरली आणि ती खोटी असल्याचं वनखात्याला सांगत बसावं लागलं. ज्या माणसांची शक्ती गस्तीला लागायला हवी होती, ती चित्र खरं की खोटं हे ठरवण्यात गेली. दहा खोट्या खबरांनी थकलेला माणूस अकरावी खरी खबरही उघडून पाहत नाही. या नुकसानीची नोंद कुठल्याच पंचनाम्यात होत नाही.

लिहिलेल्या शब्दाची ताकद त्याच्या तोकडेपणात आहे. साधा एसएमएस देवनागरीत लिहिला तर एका संदेशात ७० खुणा बसतात. काना, मात्रा, वेलांटी, मोकळी जागा सगळं धरून. तेवढ्यात काय बसतं? ‘मळ्यातल्या ओढ्याजवळ बिबट्या, आज रात्री ९. दारं लावा, एकटं फिरू नका.’ एवढं बसतं, आणि एवढं पुरतं. शिवाय जिथे व्हिडिओ नुसता गोल फिरत राहतो अशा क्षीण रेंजमध्येही एसएमएस पोचतो. भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. उद्या सकाळी पुन्हा पाहता येईल, वनरक्षकाला दाखवता येईल असा पुरावाही लिखाणात राहतो. पण लिखाणाला दोन अटी आहेत. घेणाऱ्याला वाचता आलं पाहिजे आणि त्या क्षणी त्याचं लक्ष फोनकडे असलं पाहिजे. शेतात वाकून पाण्याची दारं धरणाऱ्या, चिखलाने हात भरलेल्या माणसाचा फोन खिशात असतो. वस्तीवरच्या म्हाताऱ्या आजीला अक्षरं लागत नाहीत. मेंढ्यांचा वाडा घेऊन उघड्या रानात उतरलेल्या मेंढपाळाला गावाच्या ग्रुपमध्ये कुणी घेतलेलंच नसतं.

इथे आवाजाचं काम सुरू होतं. पुणे, नाशिक, अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांनी स्वीकारलेली ‘ग्रामसुरक्षा यंत्रणा’ मला यासाठी फार मोलाची वाटते. नोंदणी केलेला गावकरी एका ठरलेल्या क्रमांकावर फोन करून संकट सांगतो, आणि त्याच्याच आवाजातला तो निरोप गावातल्या नोंदलेल्या सगळ्या फोनांवर कॉल म्हणून जातो. चोर असो, आग असो, पूर असो की बिबट्या. त्यासाठी महागडा फोन लागत नाही, वाचता येण्याची गरज नाही, इंटरनेट नाही. फोन वाजतो, माणूस उचलतो आणि ऐकतो. यातला तांत्रिक भाग सोपा आहे. नैतिक भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गावात आवाज ओळखला जातो. आपल्या तोंडाने सगळ्या गावाला काही सांगायचं म्हटलं की माणूस आपोआप नेमका होतो, कारण दुसऱ्या दिवशी पारावर त्याला विचारणारे असतात. पूर्वी दवंडी देणाऱ्यालाही हीच जबाबदारी होती. पुढे ढकललेल्या व्हिडिओला असं तोंड नसतं. तो कुणी पहिल्यांदा टाकला ते पाचव्या ग्रुपवर कुणालाच ठाऊक नसतं, आणि प्रत्येक जण ‘मला आलं म्हणून पाठवलं’ एवढंच म्हणू शकतो.

आवाजही अफवा पसरवतो, असा आक्षेप कुणी घेईल आणि तो खरा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, भटकंती करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही हूल आधीपासून फोनांवरून पसरलेली होती. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा तुकडा होता. हा अभिनय आहे हे सांगणारा शेवट तेवढा कापून टाकलेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे डोळ्यांना दिसलेलं आणि कानांनी ऐकलेलं, दोन्ही फसवू शकतं. मग मी आवाजाची बाजू का घेतो? कारण मी ज्याची बाजू घेतो तो आवाज उलट विचारता येण्याजोगा आहे. निनावी ध्वनिफीत आणि शेजाऱ्याचा फोन हे दोन्ही कानांनीच ऐकले जातात, पण दुसऱ्याला ‘तू स्वतः पाहिलंस का?’ असं विचारता येतं. राईनपाड्यात हा एक प्रश्न विचारायला वेळ होता. त्या पाच जणांना आधी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं होतं. त्यांना विचारता आलं असतं, पोलिसांना विचारता आलं असतं. जमाव त्यासाठी थांबला नाही, कारण फोनवरून आलेल्या हुलीने उत्तर आधीच दिलेलं होतं.

याहून अवघड आक्षेप पुराव्याचा आहे, आणि तो मी हलक्याने घेणार नाही. व्हिडिओ नसेल तर गरिबाचं कुणी ऐकत नाही. ठाकरवाडीतल्या बाईने बिबट्या पाहिला असं सांगितलं तर ‘तरस असेल, कुत्रं असेल’ म्हणून वाटेला लावता येतं. तिने फोनवर दाखवलं तर गाडी येते. ज्यांच्या शब्दाला वजन नाही त्यांच्या हाती चित्रणाने वजन दिलं, हे मान्य केलंच पाहिजे. शेळी-गाय मारली गेली तर पंचनाम्याला आणि भरपाईला फोटोची मदत होते, तेही खरं. पण हा पुरावा ज्याने खातरजमा करायची त्याच्यासाठी असतो. तो वनरक्षकाकडे जावा, वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवून जावा, ठिकाण आणि वेळ सांगून जावा. शेजाऱ्याला पुराव्याची गरज नसते. त्याला खबर हवी असते. एकच चित्रण दोघांनाही पाठवलं की पुराव्याचं काम होतं, पण खबरेचं होत नाही. आणि त्या बाईचा शब्द खोटा धरणाऱ्या यंत्रणेला तिच्या हाती कॅमेरा येईपर्यंत सूट मिळता कामा नये. मातीतले ठसे पाहायला माणूस पाठवणं हे व्हिडिओ येण्याआधीही वनखात्याचं कर्तव्यच होतं.

दाखवल्याशिवाय लोक सावध होत नाहीत, असंही म्हणतात. भीतीने माणूस जागा होतो हे खरं, पण भीतीतून तो काय करतो तेही पाहावं लागतं. उसात पिलं सापडल्याचं चित्रण फिरलं की बघ्यांची गर्दी होते. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली मंडळी पिलं त्याच जागी ठेवून आईची वाट पाहतात. माणसांचा गलका असेल तर आई जवळ येत नाही. नुसता रस्ता ओलांडणारा बिबट्या दिसला तरी पिंजऱ्याची मागणी उठते. त्या मागणीखाली काय घडतं याचा अनुभव या दोन तालुक्यांनी इतर कुणाहीपेक्षा आधी घेतला आहे. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर भागात दिसेल तो बिबट्या पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लावला गेला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आलं की अशा स्थलांतरानंतर माणसांवरचे हल्ले थांबले नाहीत; जिथे ते बिबटे सोडले त्या भागात उलट वाढले. त्या वेळी हातोहाती व्हिडिओ नव्हते. दबाव मात्र हाच होता: काहीतरी केलेलं दिसलं पाहिजे. आज चित्रणाने त्या दबावाला रोजचं इंधन मिळतं. हल्लेखोर जनावर पकडलंच पाहिजे, त्यात मला शंका नाही. पण कोणतं जनावर हल्लेखोर आहे हे ठशांवरून, सापळा कॅमेऱ्यांवरून, शांतपणे ठरवावं लागतं, आणि ती शांतता आपण प्रत्येक फॉरवर्डमागे थोडी थोडी खर्च करतो.

मग व्हिडिओ कुठे योग्य? जिथे समोरच्याला पाहणं हीच गरज आहे तिथे. ज्याला ऐकू येत नाही त्याला खुणांची भाषा व्हिडिओ कॉलवरच मिळते. त्याच्यासाठी आवाजाची माझी सगळी बाजू कुचकामी आहे, आणि बिबट्याच्या इशाऱ्याची कोणतीही व्यवस्था त्याला लेखी निरोप दिल्याशिवाय पुरी होत नाही. बीडहून विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याच्या फडावर आलेली ऊसतोड जोडपी रात्री कोपीत बसून गावी आजीजवळ ठेवलेल्या पोरांचं तोंड पाहतात. तिथे अक्षरं आणि आवाज दोन्ही अपुरे आहेत. त्या कॉलमध्ये पाहणारा आणि दिसणारा एकमेकांचे असतात आणि दोघांनी एकमेकांना पाहायला होकार दिलेला असतो. हल्ल्यात गेलेल्या मुलाच्या देहाचं चित्रण यातली एकही अट पाळत नाही. त्या मुलाच्या मामाला, शाळेतल्या बाईंना, वर्गातल्या पोरांना ते न मागता दिसतं. मृत्यूची खबर माणसाने माणसाला द्यावी, शक्य तर समोर जाऊन, नाहीतर आवाजाने, आणि ती ऐकणाऱ्याला मध्ये थांबवता, रडता, विचारता यावं. ३० जुलै २०१४ला आंबेगावातलं माळीण डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली. ती खबर बाहेर आली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. त्याच्या सांगण्यावर यंत्रणा हलली. त्या सांगण्यात ठिकाण नक्की होतं.

व्हिडिओ पाठवणं बंद करा, असं मी म्हणत नाही. पाठवण्याआधी ठिकाण, तारीख, वेळ आणि आपलं नाव बोटांनी लिहावं, एवढेच कष्ट मागतो आहे. ते लिहिता येत नसेल तर ती खबर आपली नाही. वाचू न शकणाऱ्याला फोन करावा. आणि गावाने एक काम दर हंगामाला करावं. तोडणीची टोळी फडावर उतरली की सर्वांत उघड्यावर झोपणारी माणसं तीच असतात: उसाच्या कडेला, वाढ्याच्या आणि ताडपत्रीच्या कोप्यांत, लहान पोरांसह. ती गावाची मतदार नाहीत, ग्रुपमध्ये नाहीत, इशाऱ्याच्या यादीत नाहीत. त्यांच्या मुकादमाचा फोन नंबर कारखान्याच्या शेतकी विभागाकडे असतो, तोडणीच्या चिठ्ठ्या पाहणाऱ्या चिटबॉयकडे असतो. पोलीस पाटलांनी तो पहिल्याच दिवशी मागून घ्यावा, टोळीतल्या दोन बायांचेही नंबर घ्यावेत, आणि पहिली कोयती चालायच्या आत ते गावाच्या यादीत नोंदवावेत.