तोट्याची भरपाई कोणी करायची?

मी पुण्यात बसून अमेरिकन कंपन्यांसाठी कोड लिहितो. यातलं काही काम पूर्वी तिकडेच व्हायचं. त्यामुळे व्यापारात ज्यांचा तोटा होतो त्यांचं पुढे काय, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. मी त्यात फायद्याच्या बाजूला आहे.

अर्थशास्त्राचं एक जुनं उत्तर आहे. निकोलस काल्डोर यांनी १९३९ मध्ये मांडलं, की फायदा झालेले लोक तोटा झालेल्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील, तर तो बदल एकूणात चांगला. गोम आहे ती ‘शकत असतील’मध्ये. भरपाई प्रत्यक्षात करायलाच हवी, असं त्यात नाही.

अमेरिकेने १९६२ मध्ये ती कायद्यात आणली. केनेडी सरकारला आयातशुल्क कमी करायचं होतं. सोबत ‘ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स’ आलं: आयातीमुळे नोकरी गेली तर भत्ता आणि नवं प्रशिक्षण, फटका बसलेल्या कंपन्यांनाही मदत. पण अटी इतक्या कडक, की १९६९ पर्यंत एकाही कामगाराला काही मिळालं नाही. १९७४ च्या कायद्याने त्या सैल केल्या.

आपल्या क्षेत्राची तऱ्हा आणखी वेगळी. काम परदेशी गेलेल्या प्रोग्रामरांनी अर्ज केले, तेव्हा कामगार खातं म्हणालं, तुम्ही ‘वस्तू’ बनवत नव्हता. सीडीवरचं सॉफ्टवेअर वस्तू, नेटवरून पाठवलेला कोड मात्र नाही! प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये खात्याने भूमिका बदलली.

म्हणजे मदत मागणाऱ्याने आधी तोट्याचं कारण सिद्ध करायचं. समजा, एकाच गावात तिघांची नोकरी गेली: एकाची आयातीमुळे, दुसऱ्याची यंत्रामुळे, तिसऱ्याची मालकाच्या चुकीमुळे. घराचा हप्ता तिघांचाही थकतो. मग पहिल्यालाच वेगळी मदत का?

याला एक दमदार उत्तर आहे. यंत्र कारखानदाराने आणलं, पण व्यापार करारावर सरकारने सगळ्यांच्या वतीने सही केली. सही केली म्हणजे देणं लागतं. मला हे पटतं, पण अर्धंच. शर्ट आयातीमुळे स्वस्त झाला काय किंवा यंत्रामुळे, घेणाऱ्याच्या खिशात वाचलेले पैसे सारखेच. त्याची किंमत मोजक्या लोकांनी चुकवली असेल, तर देणं त्यांच्या तोट्याच्या कारणावर नाही, आपण घेतलेल्या फायद्यावर ठरायला हवं.

मग बुडणाऱ्या प्रत्येक धंद्याला पैसे द्यायचे का? नाही. धंदा वाचवणं वेगळं, माणसाला सावरणं वेगळं. याच योजनेत त्याचा एक नमुना होता. पन्नाशीपुढच्या कामगाराने कमी पगाराची नवी नोकरी धरली, तर पगारातल्या फरकाचा निम्मा भाग त्याला दोन वर्षं, ठरावीक मर्यादेपर्यंत मिळायचा. पण तिथेही आधी आयातीचा पुरावा हवाच.

मुदत वाढवली न गेल्याने १ जुलै २०२२ पासून या योजनेत नव्या कामगारांना पात्र ठरवणं थांबलं. इकडे आपल्या कामात एआय शिरतंय. उद्या माझी नोकरी गेली, तर ती दुसऱ्या देशात गेली की मॉडेलने घेतली, हे मलाही सांगता येणार नाही. तेव्हा ‘का गेली’ याआधी ‘आता कसं भागतंय’ असं कोणी विचारावं, असं मला वाटतं. आणि मला हे हवं असेल, तर ज्याचं काम माझ्याकडे आलं, त्यालाही आधी हेच विचारायला हवं होतं.