स्मृतीचा प्रामाणिकपणा

पन्नाशी ओलांडलेली चार माणसे एकत्र जमली म्हणजे बोलणे फिरून फिरून बालपणावर येते; आणि आमच्या पिढीचे बालपण आठवावयाचे म्हणजे दूरदर्शनवरील ‘ही-मॅन’ या चित्रवीराचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. त्या नावासरशी प्रौढ गृहस्थांच्या मुद्रेवर जे तेज चढते, ते पाहून तरुण मंडळी हसतात. हसण्यासारखे त्यात काही आहेही. परंतु या गोडीच्या पोटी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे : गतकाळाची गोड आठवण कितपत खरी असते, आणि ती खरी राखण्याची काही जबाबदारी आपणांवर आहे काय?

नॉस्टॅल्जिया हा शब्द १६८८ साली होफर नामक वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात बनविला, आणि बनविला तो एका रोगाचे नाव म्हणून. परमुलखात घराच्या ओढीने झुरणाऱ्या स्विस लोकांचा तो रोग होता. आज त्याची करमणूक झाली आहे, व आपण तिला स्मरणरंजन म्हणतो. हा शब्द बोलका आहे. कारण रंजन म्हणजे रंगविणेही होय.

प्रथम त्या मालिकेचाच विचार करू. मॅटेल या अमेरिकन कंपनीने १९८२ साली या वीराचे बाहुले बाजारात आणले, आणि १९८३ पासून फिल्मेशन या संस्थेने त्यावर १३० भागांची मालिका काढली. खर्च वाचविण्यासाठी तीच ती हालचालींची चित्रे त्यात पुनःपुन्हा वापरलेली आहेत. बहुतेक भागांच्या शेवटी मुलांस एक बोध सांगितलेला असे. यावर कोणी म्हणेल, खेळणी विकणाऱ्याने सांगितलेल्या नीतीस किंमत ती काय? कर्माचे नैतिक मोल हेतूवर अवलंबून असते, असे कान्टने १७८५ च्या ग्रंथात प्रतिपादिले आहे, आणि त्या कसोटीवर ही मालिका फारशी उतरणार नाही.

परंतु देणाऱ्याचा हेतू घेणाऱ्यास बांधीत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोला-खांडवा या तेव्हाच्या मीटरगेज मार्गावर वसलेल्या आमच्या हिवरखेडात ते बाहुले बालपणी आम्ही कधी पाहिलेही नाही. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहणारी पऱ्हाटी एरवी चुलीत जावयाची. तिचीच एक काडी मुलांनी उपसली आणि ती तलवार झाली. व्यापार वाटेतच गळून पडला. दुबळा समजला जाणारा राजपुत्र तलवार उंचावतो आणि त्याच्यातील बलवान पुरुष प्रकट होतो, एवढी कल्पना मात्र पोहोचली. ती आमच्या उपयोगी पडली, हे कृतज्ञतेने सांगावयास हवे. शेवटचा बोध मात्र एकही आठवत नाही, हेही सांगावयास हवे.

आणि याहून अधिकही काही सांगावयास हवे. ‘सारे गाव एका घरात बसून पाहत असे,’ असे आम्ही अनेकदा अभिमानाने म्हटले आहे. ते खरे नाही. ज्या घरी संच होता तेथे बसण्याच्या जागा ठरलेल्या होत्या : कोणी सतरंजीवर, कोणी ओसरीत, आणि कोणी बाहेर खिडकीच्या गजांशी. शाळेत आमच्याच बाकावर बसणारा एक सोबती नेहमी खिडकीशी उभा असे. त्याची जात आडवी येत होती. घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यास आत बोलाविले नाही. आम्हीही बोलाविले नाही. पुढे अनेक वर्षांनी अशाच एका बैठकीत आठवणींना ऊत आला असता तो शांतपणे म्हणाला, “तुमाले तो पुरा दिसे गा, मले गजाच्या मंधातून दिसे.” क्षणभर कोणी बोलले नाही.

त्याच्या वाक्यात तक्रार नव्हती. केवळ वस्तुस्थिती होती. आमच्या आठवणीतून खिडकी गळाली होती. आम्ही ती जाणून पुसली नव्हती; पण ज्याला जागा मिळालेली असते, त्याला जागेचा प्रश्न आठवत नाही. स्मृतीचा अप्रामाणिकपणा बहुधा असाच निरागस असतो, म्हणूनच तो ओळखणे कठीण जाते. पडद्यावरील वीर दुर्बळांचे रक्षण करीत होता आणि आम्ही टाळ्या पिटीत होतो. त्या घटकेस आम्हांकडून हवे होते ते सतरंजीवर थोडे सरकून बसण्याएवढेच शौर्य. आम्ही मुले होतो हे खरे, आणि म्हणून त्या वेळच्या दोषाचे ओझे फार नसेल. परंतु आज आम्ही मुले नाही. गोष्ट अर्धीच सांगत राहिलो, तर तो दोष आजचा ठरेल.

तेव्हा स्मरणरंजन टाकून द्यावे असे आमचे म्हणणे नाही. पऱ्हाटीच्या तलवारीचा आनंद खरा होता आणि तो खिडकीबाहेरच्या सोबत्यासही झाला होता. त्याची तलवार आमच्याहून लांब होती, हे आम्हांस चांगले आठवते. आमचे म्हणणे इतकेच की, घरातील मुलांस ही गोष्ट सांगताना ती खिडकीसह सांगावी. तसे केल्याने आठवणीची गोडी थोडी उणावेल. परंतु ज्याची ती तितकीच होती, त्याच्यासमोरही मग ती सांगता येईल.