सोबतीचा वेग

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात १४ मे २०२३ रोजी मॅरेथॉन झाली. केविन सिनफील्ड सबंध ४२ किलोमीटर धावला, तो मित्राची व्हीलचेअर ढकलत. हेडिंग्लेच्या मैदानावर शेवटची रेषा काही पावलांवर आली, तेव्हा तो थांबला. खुर्चीतल्या रॉब बरोला त्याने दोन्ही हातांवर उचलून घेतलं, त्याच्या गालाचा मुका घेतला आणि दोघांनी मिळून ती रेषा ओलांडली.

हे दोघं लीड्स ऱ्हायनोझ या संघाचे माजी रग्बी लीग खेळाडू. केविन कप्तान आणि रॉब त्याचा लाडका गडी. धिप्पाड माणसांच्या या खेळात रॉबची उंची जेमतेम पाच फूट पाच इंच. तो टिकला आणि गाजला, तो चपळाईच्या जोरावर. २०११ च्या अंतिम सामन्यात समोरच्याच्या कवेखालून तो वाकून निसटला आणि उरलेल्यांना चकवत गोलरेषेपर्यंत पोचला. ती धाव लीड्सचे लोक अजून विसरलेले नाहीत. संघाच्या आठ विजेतेपदांत त्याचा वाटा होता. २०१७ मध्ये तो निवृत्त झाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याला मोटर न्यूरॉन डिसीज असल्याचं निदान झालं.

मेंदू आणि मज्जारज्जूतल्या ज्या पेशी स्नायूंना हालचालीचे संदेश पोचवतात, त्या या आजारात एकेक करून मरत जातात. संदेश थांबले की स्नायू वाळतात. हातपाय, बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास असं सगळं हातचं जातं. आजार बरा करणारं औषध अजून नाही. स्टीफन हॉकिंग या आजारासह अनेक दशकं जगले, पण बहुतेकांच्या वाट्याला निदानानंतर मोजकीच वर्षं येतात. यातला सर्वात कठीण भाग असा, की बऱ्याच रुग्णांची समज शाबूत असते. आपलं शरीर आपल्याला सोडून चाललंय, हे त्यांना लख्ख कळत असतं.

अशा वेळी दार लावून घ्यावंसं वाटणं स्वाभाविक आहे. ज्याची ओळखच वेग ही होती, त्याला तर अधिकच. रॉबने मात्र बीबीसीचा कॅमेरा घरात येऊ दिला. पत्नी लिंडसी त्याला भरवते आहे, उचलून नेते आहे, हे त्याने जगाला पाहू दिलं. वाचा गेल्यावर तो डोळ्यांच्या हालचालीने पडद्यावरची अक्षरं निवडून बोलू लागला. यंत्रातून ऐकू येणारा आवाज त्याच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेला होता. मैदानावरच्या कुठल्याही पराक्रमापेक्षा मला हे धैर्य मोठं वाटतं. आपलं बळ दाखवणं सोपं असतं. आपली असहायता दाखवून, ‘माझ्यासारखे आणखी आहेत, त्यांच्याकडेही पाहा’ असं सांगायला फार मोठं मन लागतं.

केविनने हे ‘पाहणं’ आपल्या पायांनी पुढे नेलं. रॉबच्या जर्सीचा क्रमांक सात होता, म्हणून डिसेंबर २०२० मध्ये तो सलग सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला. उद्दिष्ट होतं या आजाराच्या रुग्णांसाठी ७७,७७७ पौंड जमवण्याचं. लोकांनी दिले २० लाखांहून अधिक. त्यानंतरही तो वर्षामागून वर्षं धावत राहिला. रॉब २ जून २०२४ रोजी गेला. दुसऱ्याच दिवशी, कुटुंबाच्या इच्छेनुसार, लीड्समध्ये त्याच्या नावाच्या उपचार केंद्राचं बांधकाम सुरू झालं.

या सगळ्या धावण्यात मला मोलाची वाटते ती लीड्समधली ती एक धाव. खुर्ची ढकलत धावणाऱ्याला आपली चाल खुर्चीशी जुळवून घ्यावी लागते. त्या दिवशी केविनने आपला वेग मित्राच्या स्वाधीन केला होता. आजाऱ्याची सोबत म्हणजे नेमकं हेच. औषधं, अहवाल, सल्ले हे सारं आपण धडाधड पुढ्यात आणून ठेवतो. त्याच्या वेगाने त्याच्याजवळ बसणं मात्र आपल्याला जमत नाही, कारण त्याला वेळ द्यावा लागतो आणि स्वतःची अस्वस्थता सोसावी लागते.

आपल्या नात्यात, शेजारात असं एखादं माणूस असतंच. पार्किन्सनने हात थरथरणारे काका, अर्धांगानंतर शब्द शोधणारी आत्या. आपण भेटायला जातो, फळं ठेवतो आणि त्यांच्यादेखत घरच्यांना विचारतो, “आता कसं आहे यांचं?” ते समोर बसलेले असतात, ऐकत असतात. आपल्या मनात वाईट काही नसतं, घाई असते. त्या घाईत एक जितंजागतं माणूस बोलण्यातून वगळलं जातं.

म्हणून आज एवढंच ठरवू या. अशा घरी जायचं, ते हाताशी निवांत वेळ ठेवून. दिवसरात्र सेवा करणाऱ्या माणसाला म्हणायचं, “तुम्ही जरा बाहेर फिरून या, मी आहे इथे.” मग खुर्ची ओढून आजाऱ्यासमोर बसायचं, प्रश्न त्यालाच विचारायचा आणि कितीही वेळ लागला तरी त्याचं उत्तर त्याला पुरं करू द्यायचं.