कैलासाच्या वाटेची पूर्वतयारी



कैलास-मानससरोवर यात्रा २०२० पासून बंद होती, ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून श्रींच्या दर्शनास येणारे अनेक भाविक संस्थानच्या कार्यालयात या यात्रेविषयी आस्थेने विचारणा करतात. कोणते स्तोत्र म्हणावे, सरोवराचे जल कशातून आणावे, असे प्रश्न प्रथम येतात. देहाच्या तयारीचा प्रश्न क्वचितच येतो.

कैलासाची परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरची असून ती साधारणतः तीन दिवसांत पायी पूर्ण होते. दुसऱ्या दिवशी ओलांडावी लागणारी डोलमा खिंड ५,६०० मीटरहून उंच आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचे! खिंडीत एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम निम्मा असतो. तीन-चार महिने आधीपासून नित्य चालावे, आठवड्यातून एकदा एखादा गड चढावा, बूट पायांच्या सवयीचे करून घ्यावेत (नवे कोरे बूट घालून निघणारे पहिल्याच मुक्कामी पस्तावतात). परंतु याने पाय बळकट होतात, एवढेच. विरळ हवेची सवय तेथेच, सावकाश चढत व मुक्काम करीत होते. धडधाकट तरुणासही डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश गाठतो. दुर्लक्ष झाल्यास फुप्फुसांत वा मेंदूत पाणी साचून प्राणावर बेतते. अशा वेळी तातडीने खाली उतरणे हाच मुख्य उपाय. शासकीय यात्रेत दिल्लीस व पुढे वाटेत उंचीवर पुन्हा वैद्यकीय तपासणी होते. तेथे काहीही लपवू नये.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी व चौघे बंधू एकामागून एक कोसळतात आणि धर्मराज मागे न पाहता चालत राहतात. पुष्कळांस यात्रेचा आदर्श हाच वाटतो. पण पांडव परतण्यासाठी निघालेच नव्हते. आपण मात्र घरी सांगून निघतो. तेच धर्मराज पुढे सोबत आलेल्या श्वानास सोडून इंद्राच्या रथात बसण्यास नकार देतात. यात्रेकरूने घ्यावयाचे ते हे.

प्रस्तुत लेखक २०१४ साली या यात्रेस गेला होता. दिरापुकच्या मुक्कामी समोर साक्षात कैलास, आणि माझे मस्तक फुटू पाहत होते. परत पाठवतील या भयाने मी कोणास काही बोललो नाही. पहाटे उलट्या सुरू झाल्या, पाऊल सरळ पडेना. मला खाली नेण्यास सोबत हवी होती. तुकडीतील एक निवृत्त शिक्षक, वयाने माझ्याहून वडील, कोणी न सांगता उठले. या परिक्रमेसाठी त्यांनी वर्षानुवर्षे पैसे साठविले होते. वाटेत मी क्षमा मागू लागलो, तेव्हा म्हणाले, "बोलू नका, श्वास घ्या." दारचेनला पोहोचेतो माझे डोके हलके झाले. मी आदल्या सायंकाळीच सांगितले असते, तर त्यांची परिक्रमा चुकली नसती. पुन्हा जाण्याचा योग त्यांना आला नाही.

म्हणून प्रस्थानापूर्वी श्रींचा प्रसाद घेण्यास कार्यालयात येणाऱ्यांस मी प्रथम, रक्तदाबाची गोळी चालू आहे काय, असे विचारतो. कृपया राग मानू नये.